बागेचे प्रश्न: निळा प्लंबॅगो, काळी माती आणि माळव्याचं ऊन

या महिन्यात इंदूरच्या वाचकांनी निळ्या फुलांच्या बहुवर्षायू झाडांबद्दल बरंच विचारलं आहे. त्यातले बहुतेक प्रश्न प्लंबॅगोचे आहेत, म्हणून हे सदर मुख्यतः त्यालाच दिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आपल्याकडे प्लंबॅगो मेला तर त्याचं कारण बहुतेक वेळा मे महिन्यातलं ऊन नसतं, ऑगस्टमधलं साचलेलं पाणी असतं. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न (लोकमान्यनगर): फाटकापासून ओट्यापर्यंत भिंतीलगत १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टी रिकामी आहे. दुपारी १२ पासून सूर्यास्तापर्यंत कडक ऊन असतं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते घरालाच पुरतं. वर्षानुवर्षं टिकेल, निळं फुलेल आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागणार नाही, असं काय लावावं?

उत्तर: प्लंबॅगोच लावा. हे झुडूप मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत ते प्लंबॅगो कॅपेन्सिस या नावाने सापडेल, आजचं शास्त्रीय नाव प्लंबॅगो ऑरिक्युलाटा. आपल्या पांढऱ्या आणि लाल चित्रकाचं हे सख्खं भावंड, म्हणून काही माळी त्याला निळा चित्रक म्हणतात. मोकळं सोडलं तर ५ ते ६ फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं. फांद्या ताठ उभ्या राहत नाहीत, कमानीसारख्या वाकून बाहेर पसरतात. मार्चअखेरीपासून दिवाळीनंतरपर्यंत बहर एकामागून एक येत राहतात.

तुमच्या पट्टीत तीनच रोपं बसतील. पहिलं टोकापासून २ फुटांवर, पुढची दोन ४-४ फुटांवर, तिन्ही पट्टीच्या मध्यरेषेवर. नर्सरीतून आणलेलं रोप एवढंसं दिसतं, म्हणून लोक दीड-दीड फुटावर सहा-सात लावतात. तिसऱ्या वर्षी ती एकमेकांत घुसतात, आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि फुलं फक्त शेंड्यांवर उरतात.

रोप शक्यतो फुलावर असतानाच घ्या. काही रोपांचा निळा इतका फिका असतो की दुपारच्या उन्हात पांढराच वाटतो. गडद हवा असेल तर रॉयल केप ही जात मागा. फाटकाशी येणं-जाणं असेल तर हेही लक्षात ठेवा की फुलाच्या खालच्या नळीवर चिकट केस असतात. साडीला, कुत्र्याच्या अंगाला फुलं चिकटून घरात येतात. फाटकाजवळचं रोप आखूड छाटून ठेवलं की प्रश्न मिटतो.

पट्टीच्या पुढच्या कडेला इव्हॉल्व्ह्युलस हे निळ्या फुलांचं बुटकं, पसरणारं झाड लावता येईल, एकेका फुटावर. दिवाळीच्या सुमारास निळी-जांभळी फुलं हवी असतील तर निळी कोरांटी आहे. ती तर इथलीच, पाऊस संपल्यावर फुलते आणि फारसं काही मागत नाही. वेल चालत असेल तर गोकर्णाच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनअखेर लावा. शेंगा वेळच्या वेळी खुडल्या की फुलं येत राहतात.

प्रश्न (राजेंद्रनगर): गेल्या जुलैत चार प्लंबॅगो लावले. दोन फूट खोल खड्डे घेतले, लाल माती, शेणखत आणि कोकोपीट भरपूर घातलं. ऑगस्टमध्ये पानं मरगळली, म्हणून पाणी वाढवलं. पंधरा दिवसांत चारही वाळले. एवढी काळजी घेऊन असं का झालं?

उत्तर: खड्डाच कारण ठरला. “मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर” ही म्हण इथे सगळ्यांना पाठ आहे. माळव्याची ही गहन गंभीर माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली भारी चिकणमाती आहे. पाणी प्यायली की फुगते आणि एकदा फुगली की तिच्यातून पाणी फार सावकाश खाली जातं. तिच्यात खड्डा घेऊन भुसभुशीत मिश्रण भरलं की तो खड्डा म्हणजे तळाला भोक नसलेली बादली होते. आजूबाजूचं पावसाचं पाणी वाहत येऊन त्यातच उतरतं आणि तिथेच थांबतं. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी उचलू शकत नाही, म्हणून माती ओली असूनही पानं तहानल्यासारखी लोंबतात. तिथे वरून आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात.

खात्री करायची असेल तर मेलेलं रोप उपटून मुळं बघा. पाण्यावाचून मेलेल्या रोपाची मुळं कोरडी, काटक्यांसारखी मोडणारी असतात. कुजलेली मुळं तपकिरी आणि मऊ असतात, बोटांनी ओढलं की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो आणि मातीला गटारासारखा वास येतो.

पुन्हा लावण्याआधी निचरा तपासा. दीड फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करून पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा, काठाशी फूटपट्टी उभी करा आणि पातळी तासाला किती उतरते ते पाहा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरली तर सपाट जमिनीत लावायला हरकत नाही. त्याहून कमी असेल, आणि काळ्या मातीत बहुधा कमीच असेल, तर उंच वाफा करा. खड्डा आणखी खोल केला तर बादली फक्त मोठी होईल.

वाफा एक फूट उंच पुरे. आधी खालची काळी माती कुदळीने ६ इंच उकरून सैल करा, म्हणजे वरचं मिश्रण आणि खालची माती यांच्यात कडक थर राहणार नाही. मिश्रण असं: काळी माती २ घमेली, बारीक मुरूम २ घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत १ घमेलं. लोकमान्यनगरच्या वाचकांसारखी १२ बाय ३ फुटांची पट्टी असेल तर एक फूट उंचीला ३६ घनफूट, म्हणजे साधारण एक घनमीटर माल लागतो. मुरूम बांधकाम साहित्याच्या दुकानात मिळतो. चाळून घ्या, हरभऱ्याएवढे खडे राहिले तरी चालतील. कडेला विटा लावल्या तर तळाच्या ओळीत दर दोन फुटांवर एक फट मोकळी ठेवा, नाहीतर विटांचंच तळं होईल. उतार घराच्या पायापासून बाहेरच्या बाजूला हवा.

मुरमाऐवजी थोडी वाळू मिसळून भागवू नका. काळ्या मातीत एक-दोन घमेली वाळू घातली तर चिकणमाती वाळूचे कण आपल्यात बांधून घेते आणि वाळल्यावर आणखी टणक होते. जिप्सम घाला असंही कुणीतरी सांगेल. जिप्सम उपयोगी पडतं ते जमिनीत सोडियम जास्त असेल तेव्हा, म्हणजे आधी माती परीक्षण हवं. नुसत्या भारी मातीवर तो उपाय नाही.

मिश्रण दोनदा भिजवून बसू द्या, मग लावा. पिशवी कापल्यावर गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा. मुळांच्या गड्ड्याचा माथा वाफ्याच्या पातळीपेक्षा इंचभर वर राहिला पाहिजे. पावसाळ्यात बुंध्याभोवती आळं करायचं नाही. उंच वाफा असेल तर जूनअखेर ते जुलै, सपाट जमीन असेल तर मोठा पाऊस सरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावा.

प्रश्न (सुदामानगर): “कमी पाण्यावर येतो” असं सांगून नर्सरीवाल्याने प्लंबॅगो दिला. कमी म्हणजे नेमकं किती?

उत्तर: पहिल्या वर्षी कमी नाहीच. कोरडेपणा सोसतात ती खोल गेलेली मुळं, आणि नव्या रोपाची मुळं पिशवीच्या मापाचीच असतात. पाऊस नसेल तर पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड ३ लिटर. पुढे तीन महिने दर ४-५ दिवसांनी ८ ते १० लिटर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा १५ लिटर, म्हणजे न्हाणीतली एक बादली. दुसऱ्या उन्हाळ्यात दर १२ ते १५ दिवसांनी २० लिटर. तिसऱ्या वर्षापासून तीन आठवड्यांचा खंडही झाड सोसतं. मात्र सोसतं आणि फुलतं यांत फरक आहे. मे महिन्यात पाणी अजिबात तोडलं तर झाड जगेल, पण पानं गाळेल आणि बहर पावसावर जाईल.

दररोज तांब्याभर पाणी घालायची सवय मोडा. त्याने वरची तीन बोटं माती ओली राहते, मुळं तिथेच घुटमळतात आणि पाणी चुकलं की दोन दिवसांत झाड मान टाकतं. पाणी बुंध्यात न घालता फांद्यांच्या घेराखाली गोलाकार द्या. काळ्या जमिनीत एप्रिलपासून भेगा पडतात, त्यांत बारीक मुळं तुटतात आणि पाणी सरळ खोल निघून जातं. आधी खुरप्याने भेगा बुजवा, मग पाणी द्या. वर गव्हाचं काड किंवा सोयाबीनचा भुसा २-३ इंच पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर. वाळवीवर नजर ठेवा आणि पावसाची पहिली सर येताच हे आच्छादन काढून घ्या.

पाणी द्यायचं की नाही ते लोखंडी सळईला विचारा. बुंध्यापासून फूटभर अंतरावर ती मातीत खुपसा. ४-५ इंच सहज गेली आणि टोकाला ओली माती लागून आली तर थांबा. मे महिन्यात दुपारी ४ वाजता पानं लोंबलेली दिसली म्हणून धावू नका. सकाळी ७ ला तीच पानं ताठ असतील तर झाडाला पाणी पुरेसं आहे. सकाळीही लोंबलेली असतील तर द्या.

प्रश्न (टिळकनगर): झाड पाच वर्षांचं, हिरवंगार आहे. माळी दर महिन्याला कात्रीने कुंपणासारखं छान गोल करतो, युरियाही घालतो. फुलं मात्र चार-दोनच.

उत्तर: फुलं नव्या फुटीच्या टोकावर येतात आणि तुमचा माळी दर महिन्याला नेमकी तीच टोकं कापतो. युरियाने नुसता पाला वाढतो. दोन्ही थांबवा.

मोठी छाटणी वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर, वसंत पंचमीच्या पुढे-मागे. मुख्य फांद्या जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर कापा. सगळ्यांत जुन्या, जाड, करड्या सालीच्या फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी बुडाशी काढून टाका. झाड उघडंबोडकं दिसेल, त्याने घाबरू नका. सहा ते आठ आठवड्यांत नव्या फुटीवर कळ्या येतात. त्यानंतर प्रत्येक बहर संपला की सुकलेल्या गुच्छाखाली ४ ते ५ इंचांवर फक्त तेवढी फांदी कापायची. छाटणीनंतर झाडामागे एक घमेलं शेणखत आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत कालवून पाणी द्या. वर्षाला एवढं पुरतं.

ऊनही मोजा. दिवसाला सहा तास सरळ ऊन मिळत नसेल, शेजारच्या आंब्याची सावली वाढली असेल, तर छाटणी कितीही नेमकी केली तरी बहर विरळच राहील.

प्रश्न (स्नेहलतागंज): शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या. शेणखत आणि डीएपी दोन्ही दिलं, पिवळेपणा वाढला.

उत्तर: ही लोहाची कमतरता आहे. काळ्या, चुनखडीयुक्त मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी सामूत (पीएचमध्ये) ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. जास्तीचं स्फुरद (फॉस्फरस) ते आणखी अडवतं आणि डीएपी हे स्फुरदाचंच खत, म्हणून त्याने बिघडलं. डीएपी बंद करा.

तातडीचा उपाय फवारणी: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, दहा-दहा दिवसांनी तीनदा. द्रावण त्याच दिवशी वापरा. फरशी आणि पांढरी भिंत झाका, पडलेला गंजाचा डाग निघत नाही. कायमचा फरक पडायचा तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, मातीतून द्यावं लागतं. पाकिटावर “ईडीडीएचए” लिहिलेलं घ्या. “ईडीटीए” स्वस्त मिळतं, पण आपल्या मातीच्या सामूत ते लोह धरून ठेवू शकत नाही. नुसतं फेरस सल्फेट जमिनीत टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

हाच पिवळेपणा फक्त पावसाळ्यात दिसून ऑक्टोबरमध्ये आपोआप जात असेल, तर लोहापेक्षा निचऱ्याकडे बघा.

प्रश्न (मल्हारगंज): पानांच्या खालच्या बाजूला पांढरी पूड दिसते. पिठ्या ढेकूण समजून दोनदा औषध मारलं, काही फरक नाही.

उत्तर: औषध थांबवा, झाड निरोगी आहे. प्लंबॅगोच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांतून क्षार बाहेर पडून वाळतात. ही पूड कोरडी, सपाट, खडूसारखी असते आणि बोटाने पुसली जाते. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यांसारखा दिसतो, पेरांच्या बेचक्यात बसतो, दाबला की ओलसर लागतो आणि आसपास मुंग्या फिरतात. तो दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून सूर्य कलल्यावर फवारा. आठवड्याने पुन्हा.

प्रश्न (रामबाग): कळ्यांना बारीक भोकं पडतात, आत छोटी अळी असते.

उत्तर: बहुधा झेब्रा ब्लू या चिमुकल्या फुलपाखराची अळी. पंखांच्या खालच्या बाजूला तपकिरी-पांढरे पट्टे असतात. ते प्लंबॅगो आणि चित्रकाच्या कळ्यांवर अंडी घालतं आणि अळी कळ्या-फुलं खाते. काही गुच्छ जातात, झाडाला धोका नसतो. फवारू नका. दहा-पंधरा गुच्छ देऊन बागेत फुलपाखरं येत असतील तर हा सौदा आमच्या मते फायद्याचा आहे.

प्रश्न (वैशालीनगर): मुलाने परदेशातून लॅव्हेंडरच्या बिया आणल्या आहेत. इंदुरात येईल का? तोही कोरड्या हवेतला आणि निळसरच ना?

उत्तर: इंग्लिश लॅव्हेंडर भूमध्य सागराकडच्या डोंगरांतला. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उलट आहे: गरम हवेतच तीन महिने पाऊस. त्या ओल्या उष्म्यात तो बुडापासून कुजतो. ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरून मार्चपर्यंत हौस म्हणून ठेवा, जमिनीत लावू नका.

प्रश्न (टिळकनगर): विष्णुक्रांत म्हणून आणलेल्या रोपाची निळी फुलं दुपारीच मिटतात. रोग आहे का?

उत्तर: नाही. नर्सरीत मिळणारा तो बहुधा दक्षिण अमेरिकेतला इव्हॉल्व्ह्युलस, आपला रानातला विष्णुक्रांत नव्हे. त्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं, दुसऱ्या दिवशी नवं येतं. ढगाळ दिवशी नीट उघडतही नाही. दोन-तीन वर्षांत झाड बुडाशी लाकडी आणि विरळ होतं, तेव्हा शेंडे लावून नवं करून घ्या. औषध म्हणून मात्र हे झाड वापरू नका.

प्रश्न (लोकमान्यनगर): प्लंबॅगोची कलमं कधी आणि कशी लावावीत? दोनदा सगळी काळी पडली.

उत्तर: जुलै-ऑगस्टमध्ये. फूल नसलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक, अर्धवट पक्व फांदी घ्या: टोकाची कोवळी हिरवी नको, बुडाची लाकडी नको. ४ ते ५ इंच लांब, तीन पेरांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही निम्मी कापा. भरड वाळू आणि कोकोपीट समान घ्या. बागेतली माती किंवा शेणखत त्यात नको. तुमची कलमं काळी पडली ती बहुधा त्यानेच, किंवा रोजच्या पाण्याने. एकदा भिजवून वर पारदर्शक पिशवी घाला, उजेडाच्या सावलीत ठेवा आणि मिश्रण वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. चार ते सहा आठवड्यांत हलकेच ओढून बघा, अडलं तर मुळं धरली. त्याहून सोपं म्हणजे मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेला फुटवा मुळासकट काढून लावणं.

कापताना हातमोजे घाला. चित्रक वर्गातल्या झाडांच्या रसाने, विशेषतः मुळांच्या, काहींच्या कातडीवर फोड येतात.

प्रश्न (सुदामानगर): फ्लॅटच्या पश्चिमेच्या गॅलरीत कुंडीत जमेल का? आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी देता येईल का?

उत्तर: १४ ते १६ इंची कुंडीत जमेल. पण कुंडीत मुळांना खोल जायला जागाच नसते, त्यामुळे मे महिन्यात तिथे रोज पाणी लागेल. वाफ्याचंच मिश्रण वापरा, फक्त शेणखताऐवजी गांडूळखत घ्या. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत छाटणीबरोबर मुळांचा बाहेरचा इंचभर थर कापून ताजं मिश्रण भरा.

आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीला देऊ नका. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. कुंडीत ते साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात. जमिनीतल्या झाडाला, निचरा चांगला असेल तर, तेवढंच नळाचं पाणी मिसळून चालेल. बोअरिंगच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर आधी त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. लिटरला एक हजार मिलिग्रॅमच्या वर गेला तर ते पाणी फरशी पुसायलाच ठेवा.